छापला ते ठीक, चिकटवला कशानं?

आमच्या मामाचं लातुरात औसा रोडला पंक्चरचं दुकान आहे. मागच्या महिन्यात गाडी तिथं लावली होती आणि बसल्या बसल्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होतो, मशीनच्या सुईतून थरावर थर पडायलेत आणि बघता बघता माणसाचा कान तयार. मामा म्हणला काय बघायलास रे, म्हणून त्याला दाखवलं. म्हणलं मामा हे थ्रीडी प्रिंटर आहे पण यात प्लास्टिक नाही, माणसाच्या जिवंत पेशी भरतात. मामानं दोनदा बघितलं आणि हातातली ट्यूब न सोडता विचारलं, "छापला ते ठीक हाय, पण चिकटवला कशानं? आत सगळं ओलंच असतंय की."

मी इथंच नीटच्या पोरांना बायो शिकवतो, त्यामुळं या विषयावर थोडंफार वाचत असतो, पण जे माझ्या डोक्यात नीट बसलं नव्हतं ते मामाच्या एका वाक्यात बसलं. छापायचं मशीन ही आता फार मोठी गोष्ट राहिली नाही. २००३ च्या आसपास अमेरिकेत थॉमस बोलंड नावाच्या माणसानं साध्या ऑफिसच्या इंकजेट प्रिंटरमधे फेरफार करून त्यातून पेशी छापून दाखवल्या होत्या. घोडं अडलंय ते चिकटवण्यावर. ते पण ओल्यावर चिकटवायचं आणि ते पण आत जे जिवंत आहे त्याला न मारता.

आधी छापतात कसं ते सांगतो, आणि त्यासाठी कुरडईपेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही. गहू तीन दिवस भिजवून वाटून त्याचा चीक काढायचा, शिजवायचा, गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर घालायचा, हे आपल्याकडं प्रत्येकानं बघितलेलं असतंय. चीक पातळ राहिला की कुरडई पसरती, सगळा एकच गोळा. घट्ट झाला की दाबताना आईचे हात मोडून येतात आणि तार मधीच तुटती. म्हणजे पाहिजे असा की दाबलं की वाहिला पाहिजे आणि सोडला की जिथं पडला तिथंच थांबला पाहिजे. पेशी छापायची जी शाई असती, बायोइंक म्हणतात तिला, तिची मागणी तंतोतंत हीच. फरक एवढाच की चिकात कुणी जिवंत नसतंय आणि या शाईच्या एका मिलीलिटरमधे लाखो पेशी पोहत असतात, त्यामुळं गरम करून चालत नाही, कोरडं करून चालत नाही, आणि सुईचं भोक मिलीमीटरपेक्षा बारीक असल्यानं जोरात दाबलं तर पेशी कडेला घासून फुटतात.

ही शाई म्हणजे बहुतेक पाणीच असतंय, त्यात जाळं विणलेलं. जिलेटिन (जनावरांच्या कातडी-हाडापासून निघतं ते), कोलाजेन (कातडी-हाडातलं मूळ प्रोटीन, ज्याचं जिलेटिन होतं ते), नाहीतर समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून निघणारं अल्जिनेट. अल्जिनेट तुम्ही तोंडात घेतलेलं असण्याची शक्यता आहे, कवळी बसवायच्या आधी दाताचा डॉक्टर ट्रेमधे जे लगद्यासारखं भरून तोंडात दाबून धरतो ते तेच. कॅल्शियम मिळालं की ते जागेवर घट्ट होतंय. जिलेटिनमधे थोडा रासायनिक बदल करून त्याला प्रकाशावर घट्ट व्हायला शिकवतात, ते पण दाताच्या डॉक्टरकडचंच उदाहरण, सिमेंट भरल्यावर तो निळी लाईट मारतो ना, साधारण तीच केमिस्ट्री. आणि एकदम पातळ शाई असेल तर ती उघड्यावर छापतच नाहीत, जिलेटिनच्या बारीक चुऱ्याच्या आत सुई बुडवून छापतात, चुरा चारी बाजूंनी धरून ठेवतो आणि नंतर ३७ अंशाला गरम केलं की वितळून निघून जातो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ॲडम फाइनबर्ग यांच्या टीमनं २०१५ ला ही पद्धत काढली आणि २०१९ ला अशाच रीतीनं कोलाजेनपासून हृदयाचे भाग छापून दाखवले. मला ही आयडिया लई आवडती, आधार द्यायचा आणि काम झालं की विरघळून जायचं.

आता चिकटण्याकडं येऊ. यात तीन वेगवेगळी चिकटणी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे थराला थर चिकटला पाहिजे, नाहीतर छापलेला तुकडा पापुद्र्यासारखा सुटतो. दुसरं, पेशी शाईला चिकटली पाहिजे. तिसरं, मामा विचारतो ते, छापलेला तुकडा शरीराला चिकटला पाहिजे.

दुसऱ्याबद्दल कुणी फार बोलत नाही पण मला तेच जास्त भारी वाटतं. आपल्या बहुतेक पेशींना पकडायला काहीतरी लागतं, मोकळ्या सोडल्या की त्या आपोआप मरतात, उपाशी म्हणून नाही, खायला सगळं आहे तरी निस्तं धरायला काही नाही म्हणून मरतात. या मरण्याला शास्त्रज्ञांनी १९९४ मधे ग्रीक शब्दावरून 'अनॉयकिस' नाव दिलं, अर्थ साधारण 'बेघर होणं'. नाव ठेवणारानं मन लावून ठेवलंय. आणि पेशी पकडते कशाला ते १९८४ ला सापडलं होतं, प्रोटीनच्या साखळीत तीन अमिनो ॲसिड ठराविक क्रमानं आली की पेशीला ती कडी वाटती, हात घालून धरती. जिलेटिनमधे अशा कड्या असतात, अल्जिनेटमधे नसतात, म्हणून निस्त्या अल्जिनेटात छापलेल्या पेशी जाळ्यात अडकलेल्या असतात पण त्यांनी काही धरलेलं नसतं. मग त्याला बाहेरून कड्या जोडाव्या लागतात नाहीतर जिलेटिन मिसळावं लागतं.

तिसरी चिकटणी सगळ्यात अवघड. मामाकडं पंक्चर काढताना बघा, पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे बघितले की पहिलं काम काय, पुसायची. मग घासणीनं घासायची, मग सुलेशन लावायचं (बाटलीवर सोल्युशन लिहिलेलं असतंय पण दुकानात सुलेशनच), ते जरासं वाळू द्यायचं, मग पॅच ठोकायचा. ओल्या ट्यूबला पॅच लावून बघा, दोन चौकात सुटतो. का सुटतो, तर पॅच आणि ट्यूबच्या मधी पाण्याचा पातळ थर बसतो आणि चिकटवणारा पदार्थ त्या थरालाच भेटून माघारी येतो, रबरापर्यंत पोचतच नाही. शरीरात तर पाणी पुसायची सोयच नाही. रक्त येतंय, पेशींतला ओलावा येतोय, आणि वरून हृदय असेल तर ते मिनिटाला सत्तर वेळा हलतंय.

कुणीतरी म्हणेल फेविक्विक आहे की. बरोबर, त्या जातीचा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, १९४२ मधे अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती तो अपघातानं लागला, ओलाव्यावरच तो घट्ट होतो, व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचा स्प्रे वापरला गेला. त्याचा डॉक्टरी प्रकार वेगळा असतो, १९९८ पासून अमेरिकेत तो कातडीवरच्या जखमा बंद करायला मंजूर आहे. घरातलं फेविक्विक जखमेला लावू नका, ते पेशींना चटका देतं आणि भाजतं पण. पण छपाईसाठी तो डॉक्टरी गोंद पण कामाचा नाही, कारण वाळला की काचेसारखा कडक होतो, आणि मऊ मांसावर कडक खपली बसवली की वाकताना कडेनं निघती. शिवाय त्यातून पेशी ये-जा करू शकत नाहीत. रक्ताची स्वतःची खपली ज्या फायब्रिनची असती त्याचा गोंद ऑपरेशनमधे वापरतात, तो पेशींना चालतो पण पकड कमी. म्हणजे जो चिकटतो तो पेशींना मारतो आणि जो मारत नाही तो नीट चिकटत नाही.

इथं समुद्रातला एक शिंपला कामाला आला. आपल्याकडं समुद्र नाही, गोदावरीत शिंपले मिळतात पण ते गाळात रुतून बसणारे. कोकणात ज्याला शिनाणे म्हणतात ते खडकाला चिकटून राहतात, लाटा आदळायल्यात, खारं पाणी, तरी सुटत नाहीत. कसं करतात तर पायासारखा एक अवयव खडकावर दाबून धरतात, त्याच्या खाचेत प्रोटीनचा रस सोडतात, आणि काही मिनिटांत एक दोरी आणि तिच्या टोकाला चकती तयार. अशा कितीतरी दोऱ्या, तंबूला ताण दिल्यासारख्या. अमेरिकेतल्या हर्बर्ट वेट यांनी या रसाच्या मागं आख्खं आयुष्य घातलं, १९८१ मधे त्यांनी दाखवलं की यातल्या प्रोटीनमधे डोपा नावाचं एक अमिनो ॲसिड भरभरून आहे. हाच डोपा पार्किन्सनच्या गोळीत असतो, आणि आपल्या खाजकुइरीच्या बियांत पण असतो, म्हणजे ज्या वेलीनं लहानपणी अंगाला खाज सुटून नाचलो तिच्या बियांत शिंपल्याच्या गोंदाचा माल.

डोपात काय आहे? सहा कोनांचं एक कडं आणि त्याला शेजारी शेजारी दोन आकडे, म्हणजे अडकवायचे हूक. हे दोन आकडे जवळजवळ असणं हीच सगळी गंमत. दगड असू दे, लोखंड असू दे, मांस असू दे, हे आकडे पाण्याला बाजूला सारून पृष्ठभागाला धरतात. त्यांच्या शेजारी प्रोटीनमधे लायसिन नावाचा दुसरा गडी असतो, त्यावर धन भार असतो, तो पृष्ठभागावर बसलेले मिठाचे आयन आधी हाकलतो, म्हणजे मामाच्या घासणीचं काम तो करतो आणि मग डोपा चिकटतो. आणि तिसरी गोष्ट, हवेनं किंवा पाण्यातल्या ऑक्सिजननं डोपाचं रूप बदललं की तो मांसातल्या प्रोटीनशी पक्का बाँड करतो. हे रूप बदलणं तुम्ही रोज बघता, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ते याच घराण्यातल्या रेणूंमुळं. बाभळीच्या सालीत कातडं कमवायचे ते पण याच कुळातल्या रेणूंच्या जोरावर, सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलाजेनला घट्ट धरतं. म्हणून आजकाल टॅनिक ॲसिड घालून पण असे गोंद करायलेत, स्वस्त पडतं.

स्वस्ताचा मुद्दा यासाठी की शिंपल्यातून सरळ रस काढायचा म्हणलं तर एक ग्रॅम प्रोटीनला दहा हजाराच्या घरात शिंपले लागतात. त्यामुळं कोरियात वगैरे बॅक्टेरियाकडून ते प्रोटीन बनवून घेतात, नाहीतर सरळ डोपाचे ते दोन आकडेच उचलून अल्जिनेटला, जिलेटिनला, हायल्युरोनिक ॲसिडला (आपल्या शरीरातच असणारा एक जेलीसारखा पदार्थ) जोडून टाकतात. चीक तोच, फक्त त्याला आकडे लावले.

एवढ्यानं झालं असतं तर काय पाहिजे होतं. आकडेवाली शाई सुईत भरली की ती सुईतच चिकटायला लागती! सिरिंजमधे ठेवली तर हवेनं तांबूस-काळी होती आणि घट्ट होऊन भोक बुजतं. आणि आकड्यांचं गणित पण असं की जे आकडे एकमेकांना धरून शाई घट्ट करायला खर्च झाले ते मांस धरायला उरत नाहीत. शाई आतून मजबूत पाहिजे तर पकड कमी, पकड पाहिजे तर आतून ढिली. घट्ट करायला जे केमिकल टाकतात त्यातली काही पेशींना बाधतात ते वेगळंच.

आता शिंपला ही अडचण कशी सोडवतो ते बघून मी खरंच चाट पडलो. तो रस सोडताना आंबट ठेवतो, आंबट पाण्यात डोपाचं रूप लवकर बदलत नाही (लिंबू पिळलेलं सफरचंद काळं पडत नाही तसं). वर त्या रसात एक वेगळं प्रोटीन राखणदार म्हणून असतं, एखादा डोपा बदललाच तर त्याला परत मूळ रूपात आणतं. मग पाय उचलला की समुद्राचं पाणी आत येतं, ते आंबट नसतं, आणि आता मात्र सगळं घट्ट व्हायला लागतं. म्हणजे चिकटवायच्या आधी चिकट नाही आणि चिकटवल्यावर ताबडतोब चिकट, दोन्ही वेळा पाळतो. छपाईवाले हेच करायला बघतात, शाई आंबटसर ठेवायची, सुईतून बाहेर पडल्यावर निळी लाईट मारून नाहीतर थोडं लोखंडाचं मीठ देऊन तिला बांधायचं, आणि पकडीचं काम मांसाशी गाठ पडेपर्यंत राखून ठेवायचं.

दुसरा गुरू आपल्या ओळखीचा, आणि लातूर-बीड-धाराशिवकडच्या शेतकऱ्याला त्याचं नाव काढलं तरी राग येईल. गोगलगाय. २०२२ च्या जुलैत शंखी गोगलगायींनी उगवलेलं सोयाबीन रातोरात कातरून टाकलं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली, बायामाणसं पहाटे बादल्या घेऊन गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायची. हाताला ती जी चिकटी लागायची ना, साबणानं पण पटकन निघत नव्हती, ती आठवा. युरोपात एक बिनशंखाची गोगलगाय आहे, भ्याली की पाठीवरून असा गोंद सोडती की खाणाराला ती उचलताच येत नाही. तो गोंद एकाच वेळी चिवट आणि लवचिक. हार्वर्डमधल्या टीमनं २०१७ मधे त्यावरून दोन थरांचा गोंद केला. वरचा थर कॅल्शियमनं बांधलेल्या अल्जिनेटचा, ताण आला की त्यातले कॅल्शियमचे बंध आधी तुटतात आणि झटका तिथंच जिरतो, कडेपर्यंत जात नाही. खालच्या थरात धन भार असलेल्या लांब लांब साखळ्या, त्या मांसात शिरून गुंतून बसतात. डुकराच्या रक्ताळलेल्या हृदयावर पण तो चिकटून राहिला.

हे मामाला सांगितलं तर म्हणला "आपलं सुलेशन बी तसंच करतंय." आणि खरंच तसंच आहे. सोल्युशनमधल्या रबराच्या साखळ्या थोड्या ट्यूबमधे शिरतात थोड्या पॅचमधे आणि गुंता होतो, वरवर लेप नसतोच तो. आणि आपली सोयाबीन खाणारी आफ्रिकन शंखी गोगलगाय आहे ना, २०२३ मधे चिनी संशोधकांनी तिचीच चिकटी सुकवून जखम जोडणारा पदार्थ केला, उंदरांवर चालला. हे मी गावात सांगितलं तर एक जण म्हणला मग आमच्याकडून किलोनं न्या म्हणावं.

बाकीचे गुरू थोडक्यात. पाल भिंतीवर चढती ते चिकटीनं नाही, तिच्या पायावर लाखो बारीक केस असतात आणि भिंतीच्या एकदम जवळ गेल्यानं रेणूंची जी हलकी ओढ लागती तिच्यावर, पण पृष्ठभाग ओला झाला की तिचं कौशल्य उतरतं. म्हणून २००७ मधे एका टीमनं पालीचे केस आणि शिंपल्याचा गोंद एकत्र केला होता. बार्नॅकल नावाचा जहाजाच्या तळाला चिकटणारा एक जीव आधी तेलकट थर सोडून पाणी हटवतो आणि मग चिकटतो. अमेरिकेतल्या एमआयटीनं २०२१ मधे ती नक्कल करून तेलात चिकट कण कालवले, वाहत्या रक्तात दाबून धरला की पंधरा सेकंदांच्या आसपास भोक बंद. ते छपाईचं नाही पण तत्त्व उपयोगी आहे.

आता कुणी विचारेल मग हृदय कधी छापणार. लवकर नाही. २०१९ ला तेल अवीवमधे सशाच्या हृदयाएवढं छापलं होतं, पेशी आकुंचन पावत होत्या पण ते पंप म्हणून रक्त ढकलत नव्हतं. मोठी अडचण पाणीपुरवठ्याची आहे, आणि ते मराठवाड्यातल्या माणसाला समजवायची गरज नाही. पेशी रक्तवाहिनीपासून साधारण ०.२ मिलीमीटरपेक्षा लांब गेली की तिला ऑक्सिजन पोचत नाही. जाड तुकडा छापला की बाहेरच्या पेशी जगतात आणि मधल्या मरतात, ठिबकची नळी जिथपर्यंत गेली तिथपर्यंतच हिरवं असतंय तसं. म्हणून बघा, पुढं काय सरकलं, तर ज्याला रक्तवाहिन्या लागतच नाहीत ते. कानाची कूर्चा, म्हणजे कानातलं ते वाकणारं मऊ हाड. २०२२ मधे अमेरिकेत टेक्सासमधे एका २० वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवला, मी दुकानात बघत होतो तो व्हिडिओ असल्याच कामाचा. आणि डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, अर्धा मिलीमीटर जाड आणि रक्तवाहिनी एक नाही. तो २०२२ मधेच हैदराबादला छापला, एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी (पेशींवर काम करणारी तिथलीच सरकारी संशोधन संस्था) या तिघांनी मिळून, माणसाच्या कॉर्नियातल्या पेशी काढून टाकून उरलेल्या मालापासून शाई केली आणि सशाच्या डोळ्यात बसवून बघितला. नांदेड-लातूरचे किती लोक डोळ्यासाठी हैदराबाद गाठतात, त्यांना हे नाव सांगायला नको.

फुगण्याची एक भानगड राहिली. जेली आत गेली की पाणी पिती आणि भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगती, फुगली की कडा ओढल्या जातात आणि जिथं छान चिकटलं होतं तिथूनच सोलायला लागती. त्यामुळं चांगला गोंद केला एवढ्यानं भागत नाही, तो किती पाणी पितो ते पण मोजावं लागतं, आणि नवीन पेशी येऊन स्वतःचं जाळं विणेपर्यंत टिकून मग हळूहळू विरघळावा लागतो. लवकर विरघळला तर तुकडा सुटणार, राहिलाच तर मधी भिंत होऊन बसणार.

हे सगळं ऐकून झाल्यावर मामानं ट्यूब टायरमधे सरकवत शेवटचा प्रश्न विचारला, "आन वाकडा बसला तर निघंल का?" जुना पॅच काढायला तो ट्यूब गरम करतो, तेवढी सोय त्याच्याकडं आहे. मी सांगितलं की त्यावर पण काम झालंय, २०२० मधे एमआयटीच्या टीमनं असा गोंद केला की वरून एक पाणी टाकलं की पाच-एक मिनिटांत मांसाला इजा न होता सुटतो. कसलं पाणी, म्हणला. म्हणलं त्यात ग्लुटाथायोन म्हणून एक शरीरातच असणारा पदार्थ आहे आणि दुसरा आपला खायचा सोडा.

"सोडा?" मामा म्हणला, आणि पोराला हाक मारून पंपाची पाईप लावायला सांगितली.